गुलाबरावचं बोलणं टेप केलं तवा

आता हसून राहिलो, पण तवा डोकं असं फिरलं होतं का विचारूच नका. माह्या पोरीले पाहाले दोन जागचे पाहुणे आले, अन् दोन्ही शेजारच्या गुलाबरावकडे चौकशी करून परत फिरले. मी वकिलाकडे गेलो. तो म्हणे, "बदनामी तोंडी आहे. पुरावा आणा."

मग रायपूरले जाऊन शंकर नगरातला एक जासूस लावला. आपल्याच समाजाचा निघाला. तो नवरदेवाकडचा बनून आमच्या अभनपूरले आला, गुलाबरावच्या घरी चहा पिला अन् खिशातल्या मोबाईलमध्ये सारं टेप करून गेला.

दोन दिवसांनी त्याच्या ऑफिसात बसून ऐकलं. गुलाबराव सांगून राहिला, "पोट्टी तर सोनं आहे जी. शिकलेली आहे, घर सांभाळते, कोणाले उलटून बोलत नाही. पण बाप! बाप अंगावर धावून येते. सोयरिक कराची असन तर हेल्मेट घालून करा."

मी टेबलावर अशी मूठ हाणली का वरची काच तडकली. "साफ खोटं आहे! ठोका केस!"

जासूस काचेकडे पाहत म्हणे, "भैया, केस नाही टिकत. कोर्टात तुम्ही तोंड उघडलं का गुलाबराव सुटला." मग हळूच म्हणे, "पण माह्या भाच्यासाठी पोरगी देता का? आमची चौकशी तर होऊनच गेली."

लग्नाची पहिली पत्रिका मी सोताच गुलाबरावले देऊन आलो. एकदम हळू आवाजात बोललो.