बंगल्यावरची चिंगी

बायको गेल्यापासून धोंडिबा बोलायचा कमी आणि ऐकायचा जास्त. मळवलीजवळच्या दवाखान्यात त्याच्या पुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर लशीच्या डोसासाठी आणलेलं बाळ होतं.

“आत्या, सुईच्या वक्ताला तुमीच धरा. माझ्या हातनं पडंल.”

“बंगल्यावरची चिंगी ठावं हाय का?”

“ती माकडीन?”

“व्हय. आईपास्नं तोडून साखळीला एकटीच वाढवली. मग डोंगरात सोडली. पिल्लू झालं, तर त्याला उलटंच धरायची.”

“मग?”

“एक म्हातारी माकडीन यायची. पिल्लू सुलटं करून परत चिंगीच्याच पोटाशी लावायची. सोताकडं न्हाई ठेवलं. आता चिंगी पिल्लाला कुनाचा हात लागू देत न्हाई.”

“म्हंजी मी माकडीन?”

“तुला शेपूट कुटं हाय? पर तू बी आईबिगर वसतिगृहात वाढलीस. तुला कुनी मांडीवर घेतलं?”

“आन् तुमी ती म्हातारी.”

“व्हय. म्हनून बाळ घेनार न्हाई. त्याची मान कोपराव ठेव. आसं.”

आतून नर्सबाईंनी विचारलं, “बाळाला कोण धरणार?”

सवयीनं सासूचेच हात पुढं झाले.

“ऱ्हाऊ द्या, आत्या. तुमी पिशवी धरा.”