मनीचा प्लॅटफॉर्म

हसू नका, पण आमच्या मनीची सोयरीक माझ्या तोंडापायी मोडता मोडता राहिली. मनी माझी पुतणी, समुद्रातल्या तेलविहिरींवरची बांधकामं तपासणारी इंजिनिअर. धर्मापुरीचे पाहुणे तिला बघायला आले आन् पोराच्या बापानं विचारलं, "पोरगी कामाला कुठं असती?"

मला कुठलं राहवतंय. म्हणलं, "प्लॅटफॉर्मवर."

पाहुण्यानं चहाची बशी खाली ठेवली. "परळीच्या टेशनात? काय इकती?"

भाऊ मला डोळ्यांनीच खायला लागला. मनीनं मात्र गुमान मोबाईल पाहुण्यापुढं धरला. भर समुद्रात लोखंडी पायांवर अख्खं गाव उभं, खाली लाटा आपटायल्या. तळ्यापलीकडं पाणी न बघितलेली आमी माणसं, सगळी मोबाईलवर वाकलो.

"मामा, ह्यो प्लॅटफॉर्म. ह्याचे पाय समुद्राच्या तळात रोवलेत. लाटांनी किती हलतील, अजून किती वर्षं टिकतील, ते आमी हिशेब करून सांगतो. मगच माणसं वर ऱ्हातात."

"आन् तू चुकलीस तर?"

"म्हणून तर चुकत न्हाई."

पाहुणा लई येळ लाटाच बघत ऱ्हायला. मग पोराकडं वळून हळूच म्हणला, "नीट बस बे. पसंती आता तिची हाय."