आठातले पाच

‘आपल्याकडे आधीच एक न बोलणारी होती, त्यात ही दुसरी आणली.’

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं हो. सासूबाई मिक्सरच्या आवाजावर मात करत फोनवर आपल्या बहिणीला सांगत होत्या, आणि मिक्सर नेमका मध्येच थांबला, त्यामुळे ‘ही दुसरी आणली’ एवढं सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. मी दारात, हातात धुतलेल्या कपड्यांची बादली. मागे फिरावं तर बादलीची कडी वाजणार, पुढे जावं तर सासूबाईंची पंचाईत… उभी राहिले तशीच! आणि तुम्हाला सांगते, लग्नाला जेमतेम चार महिने झालेत, आणि या घरात बोलायचं तर रांग लावावी लागते. सासरे बोलतात, त्यांचं संपायच्या आत सासूबाई, त्यांचं संपायच्या आत माझा नवरा. माझा नंबर येईपर्यंत जेवणं झालेली असतात. मी आपली गप्प.

तर ती पहिली न बोलणारी म्हणजे माझी नणंद. सगळे तिला धाकटी म्हणतात. पंधरा वर्षांची, नववीत, स्वमग्न आहे. हे कोणी लपवलं नाही, उलट लग्न ठरताना तिघांनी मला तीनदा समजावून सांगितलं, प्रत्येकाने तास-तासभर. धाकटीने एका दमात उरकलं. म्हणाली, वहिनी, मला न विचारता हात लावायचा नाही आणि माझी पेन्सिल घ्यायची नाही. सासरी इतक्या स्वच्छ सूचना मला दुसऱ्या कुणी दिल्या असतील तर शपथ!

भानगड झाली ती शाळेच्या वहीवरून. बाई शेरा लिहिणार, घरच्यांनी वाचून खाली सही करायची, एवढीच त्या वहीची अपेक्षा. विज्ञानाच्या मॅडमनी लिहिलं, सहामाहीचा पेपर कोरा दिला आहे, घरी लक्ष द्यावे. आता सासरे नोंदणी कार्यालयातून निवृत्त. त्यांनी लिहिलं, आपला शेरा पोचला, सदर बाब विचाराधीन आहे. सासूबाईंनी खाली लिहिलं, मॅडम, पोर मनाने फार चांगली आहे, ओरडू नका, आणि ओरडावंच लागलं तर हळू ओरडा. नवऱ्याने त्याखाली ‘नोटेड’. कुणी कुणाचं वाचलं असेल तर! दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, यातले नेमके उत्तर कोणते समजावे? त्यालाही तिघांनी तीन उत्तरं दिली.

मग घरी ‘लक्ष देणं’ सुरू झालं. सासऱ्यांनी रेघा मारून वेळापत्रक केलं, सासूबाई दर अर्ध्या तासाने बदाम आणून ठेवायला लागल्या, आणि नवरा शिकवायला बसला. बसला म्हणजे काय, तो प्रश्न विचारायचा आणि धाकटी पुस्तकातल्या पान नंबरासकट उत्तर द्यायची. दोनदा तर त्याचीच चूक काढली. सगळं येत होतं हो तिला! मग पेपर कोरा का? सासरे म्हणाले शिस्त नाही, सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली, नवरा म्हणाला फोकस नाही. तिला विचारलं नाही असंही नाही, विचारलं, पण तिघांनी एकदम. ती पंख्याकडे बघत राहिली. मी आपली गप्प.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर काच बदलायची आणि विचारायचं, ही बरी का ही? तुम्हाला सांगते, चांगली मिशीवाली माणसं त्या खुर्चीत घामाघूम होतात. पुन्हा दाखवा, मघाचीच बरी होती, नाही नाही, दोन्ही सारख्याच आहेत… अशा वेळी ‘बरी कोणती’ असं पुन्हा विचारायचं नसतं. नुसतं विचारायचं, काय काय दिसतंय?

तर एका संध्याकाळी तिघंही नेमके बाहेर होते. मी धाकटीच्या शेजारी बसून भाजी निवडत होते, समोर तो पेपर पडलेला. मी ‘का लिहिलं नाहीस’ नाही विचारलं. विचारलं, पेपर हातात आला, मग आधी काय केलंस?

“आठातले कोणतेही पाच सोडवा, असं होतं,” ती म्हणाली. “आठातून पाच निवडायचे छप्पन्न प्रकार आहेत. मी एकतिसाव्यापर्यंत आले होते. मग घंटा झाली.”

मला हसू येत होतं, पण ती विनोद करत नव्हती. बरोबर वाटणारी निवड सापडल्याशिवाय तिला लिहायला सुरुवातच करता येत नव्हती, आणि पुढे अजून पंचवीस प्रकार बाकी होते!

हे घरात सांगायला मी गेले नाही असं समजू नका. तीनदा गेले. पहिल्यांदा सासऱ्यांनी मला वेळापत्रक वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा सासूबाईंनी बदाम सोलायला बसवलं, तिसऱ्यांदा नवरा म्हणाला, बोल ना, आणि फोन उचलून गॅलरीत गेला. तेवढ्यात वहीत नवा शेरा आला. शुक्रवारी फेरपरीक्षा, पालकांनी सोबत यावे, हाही पेपर कोरा आला तर पुढच्या वर्षी विज्ञान बंद, त्याऐवजी सवलतीतला दुसरा विषय. म्हणजे प्रयोगशाळाही बंद. धाकटीने शेरा वाचला. प्रयोगशाळेत घालायचा पांढरा कोट तिने नीट घडी केला आणि कपाटात अगदी खालच्या कप्प्यात, जुन्या स्वेटरांच्या खाली ठेवून दिला. एवढंच. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही.

शुक्रवारी आम्ही सगळे शिक्षकांच्या खोलीत. मला नेलं होतं सासऱ्यांची फाइल धरायला. खुर्च्या चार, मी उभी. मॅडमच्या पुढ्यात वह्यांचा ढीग, ढिगावर गार झालेला चहा. वर्गात सेहेचाळीस मुलं, दोष त्या बाईंना तरी काय द्यायचा? सासऱ्यांनी फाइल उघडली, सासूबाईंनी रुमाल काढला, नवऱ्याने ‘बेसिकली’ म्हणून सुरुवात केली. मॅडमनी धाकटीपुढे पेपर ठेवला आणि फार मायेने म्हणाल्या, यातले कोणतेही पाच सोडव, अगदी तुला आवडतील ते.

झालं! धाकटीचे ओठ हलायला लागले. एक-दोन-तीन-चार-पाच, एक-दोन-तीन-चार-सहा… इकडे तिघं बोलतायत, तिकडे घड्याळ चालतंय, पेन्सिल हातात तशीच. आणि गंमत म्हणजे, त्या खोलीत ती आता कुठे पोचली असेल हे फक्त मला माहीत.

“मॅडम, पाच कोणते ते तुम्हीच सांगा.”

आवाज इतका मोठा निघाला की दारातला शिपाई आत डोकावला. सासऱ्यांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. मी म्हटलं, ती निवडत बसते आणि लिहायचं राहून जातं.

मॅडमनी माझ्याकडे नाही, धाकटीकडे पाहिलं. “असं आहे का गं?”

“हो. छप्पन्न आहेत,” धाकटी म्हणाली.

मॅडमनी बोटांवर मोजून बघितलं, नाद सोडला, आणि लाल पेनने पाच प्रश्नांवर खुणा केल्या. धाकटीने सव्वीस मिनिटांत पाचही सोडवले, पेन्सिल खोक्यात ठेवली, खोकं बंद केलं. मॅडमनी तिथेच तपासलं. एका आकृतीचा अर्धा गुण कापला, आणि सोमवारी प्रयोगशाळेत नेहमीच्या जागी ये, म्हणाल्या.

बाहेर पडलो आणि सासूबाईंनी मला धरलंच. अगं, माहीत होतं तर आधी सांगायचं नाहीस का? सासरे म्हणाले, याची नोंद व्हायला हवी. तेवढ्यात नवऱ्याला आठवलं की ‘कोणतेही’ इतिहासातही असतं, भाषांच्या पेपरांतही असतं, आणि भूगोलात तर सगळा पेपरच तसला असतो, ते पेपर अजून तपासून आलेलेच नाहीत, आणि भूगोलाचे सर महातापट. मग तिघंही बोलायचे थांबले. चार महिन्यांत पहिल्यांदा! थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. दुकान सुटल्यावर मला आता काय उद्योग लागलाय, ते मला तिथेच कळलं.

“आई, भूगोलाच्या सरांकडे मी आणि धाकटी जाऊ,” मी म्हटलं. “तुम्ही तिघं घरीच थांबा.”