वॉशरचे प्रकार, अगदी शेवटपर्यंत

…नाही नाही, पैसे मिळतात हो! पैशाबद्दल माझी तक्रारच नाही. महिन्याच्या महिन्याला, न चुकता खात्यात येऊन पडतात, आणि पेन्शनने लाजून मान खाली घालावी एवढे पडतात! लोक विचारतात, "काका, घरबसल्या फोनसमोर बोलता, वर पैसे कमावता, मग चेहरा असा का?" आता चेहरा असा का… तुम्हाला सांगतो, माणसाने जीव तोडून बोलावं, घसा सुकेपर्यंत बोलावं, आणि समोरच्याने… जाऊ दे. पहिल्यापासून सांगतो. पण एक अट आहे. मी मधूनमधून विचारणार, जागे आहात ना? तेव्हा हात वर करायचा. नुसती मान हलवलेली चालणार नाही. मान झोपेतही हलते, हे मला आता पुराव्यानिशी माहीत झालंय.

तर मी स्टोअरकीपर. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात, तळमजल्याच्या कोपऱ्यात, जाळीच्या खिडकीमागे उभी नोकरी काढली. नट, बोल्ट, वॉशर. लोकांना वाटतं, वॉशर म्हणजे काय, भोक पडलेली चकती! अहो, चकती? साधा वॉशर वेगळा, स्प्रिंग वॉशर वेगळा, दातेरी वेगळा, फायबरचा वेगळा, तांब्याचा तर फारच वेगळा, आणि एकाच्या जागी दुसरा बसवलात तर… ते नंतर सांगतो. मुद्दा असा, की एवढं सगळं डोक्यात गच्च भरलेलं, आणि ऐकायला कोण? खिडकीशी कामगार यायचा, "काका, बारा नंबरचे दहा द्या." मी म्हणायचो, "बारा नंबरची एक गंमत आहे बघ…" वर बघतो तर खिडकी रिकामी! वॉशर न घेता गेलेला! घरी यावं, जेवायला बसावं, बायकोला सांगावं, "आज स्प्रिंग वॉशरचा नवा माल आला, त्यात काय झालं…" की हिचे डोळे जड. हातात घास, तोंड अर्धवट उघडं, आणि डोळे मिटलेले! जेवता जेवता झोपणारी बायको तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीय? आणि लेक, ती तर मी नुसता खाकरलो की दप्तर उचलून मैत्रिणीकडे अभ्यासाला. शाळेत तिचा कायम वरचा नंबर यायचा, त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभात म्हटलं, आता तरी सापडलेत, दारं बंद आहेत, बोलून घ्यावं. उभा राहिलो. सुरुवात केली. आणि मोठ्या साहेबांनी, काय करावं, मध्येच टाळ्या वाजवल्या! साहेबांनी वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या, कोणीतरी हार घातला, कोणीतरी हाताला धरून खाली बसवलं… मी अजून साध्या वॉशरवर होतो हो! जागे आहात ना? हां.

मग मी घरी. दिवसभर घरी. आणि दिवसभर घरी असलेला माणूस दिवसभर बोलतो. महिन्याभरात हिने सगळे पडदे धुतले, गच्ची धुतली, शेजारणीची गच्चीसुद्धा धुऊन दिली, का, तर मी आत होतो. शेवटी लेकच म्हणाली… आता लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहते, पण जीव आहे हो तिचा बापावर… म्हणाली, "बाबा, तुम्ही हे सगळं फोनसमोर बोला. फोन उठून जात नाही."

काय वाक्य आहे! फोन उठून जात नाही! जेवणाच्या टेबलावर मांडामांड केली. मागे निळी चादर, खुर्चीला दिवा बांधलेला, फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला, हिला सक्त ताकीद की पन्नास मिनिटं मिक्सर लावायचा नाही, आणि मी पुढ्यात वॉशर मांडून सुरू. अहाहा! कोणी अडवत नाही, कोणी घड्याळ बघत नाही, कोणाचं गॅसवर दूध नाही. मी बोलतोय, बोलतोय, बोलतोय… लेक संध्याकाळी येऊन ते इंटरनेटवर चढवायची. पहिला व्हिडिओ अकरा वेळा बघितला गेला. त्यातल्या नऊ वेळा मी. उरलेल्या दोन वेळा कोण, ते अजून कळलेलं नाही, पण त्यांचं भलं होवो.

आणि मग एक दिवस लेक धापा टाकत जिना चढून आली. "बाबा! हजारो! हजारो लोक बघतायत! आणि बाबा, शेवटपर्यंत बघतायत! दुसऱ्यांचं लोक अर्धा मिनिट बघतात आणि पळतात, तुमच्याकडे पन्नास मिनिटांतली पन्नास बसतात!" आता त्याचं गणित असं, लोक जितका वेळ बघणार, तितक्या मध्ये जाहिराती, आणि जितक्या जाहिराती, तितका आपला वाटा. पण मला वाट्याचं काय हो! शेवटपर्यंत, हा शब्द कानात वाजत होता नुसता. उभ्या जन्मात माझं कोणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं, आणि आता हजारो! मी छाती काढून रस्त्याने हिंडायला लागलो. वाण्याला विचारलं, "काय, बघता की नाही आमचं?" वाणी म्हणाला, "काका, रोज! तुमच्याशिवाय आमचा दिवस संपतच नाही!" न्हाव्याला विचारलं. न्हावी म्हणाला, "आम्ही नवरा-बायको दोघं बघतो, पलंगावर पडून." पलंगावर पडून म्हणाला हो! तरी माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही! मला वाटलं, निवांत ऐकायला आवडत असेल.

लेकीने बजावलं होतं, "बाबा, व्हिडिओखाली लोक काय लिहितात ते वाचायचं नाही, लोक काहीही लिहितात." ऐकलं मी. पण एक दिवस नवा चष्मा आला. आता नवा चष्मा आल्यावर माणूस काय करणार? वाचणारच ना? वाचलं. पहिल्याने लिहिलं होतं, "काका, देव तुमचं भलं करो, दोन वर्षांनी गाढ झोप लागली." म्हटलं असेल कोणी आजारी. दुसऱ्याने, "मी रोज दातेरी वॉशरला जातो." म्हटलं जातो म्हणजे? कुठे जातो? तिसऱ्याने, "वा, दातेरीपर्यंत पोचता? आम्ही साध्यालाच ढेर!" एका बाईने, "बाळ रडायला लागलं की काकांना लावते, आता बाळ नुसता चेहरा बघून डोळे मिटतं." आणि एक डॉक्टर! शिकलेला माणूस! त्याने लिहिलं होतं, "मी माझ्या पेशंटना गोळीऐवजी हेच देतो. जेवणानंतर एक."

जेवणानंतर एक! म्हणजे ती पन्नासच्या पन्नास मिनिटं… ते हजारो लोक… सगळे घोरत होते! फोन उशाशी चालू, मी त्यात घसा फोडतोय, आणि ही जनता ढाराढूर! घरात एक बायको झोपत होती ते काय कमी होतं, की आता सगळं जग झोपवायचं? आणि त्याचे मला पैसे? जागे आहात ना? नाही, मला खरंच बघू द्या. हां… त्या निळ्या शर्टवाल्यांना जरा कोपर मारा. मारा मारा, माझी परवानगी आहे.

मग मी इरेला पेटलो. म्हटलं, झोपता काय? थांबा! नवा व्हिडिओ केला. पाठीमागे संगीत लावलं, मध्ये पाना आपटला, विनोद सांगितले, एका ठिकाणी तर मी टेबलाखालून एकदम वर आलो आणि ओरडलो, "स्प्रिंग वॉशर!" काय वाटतं, काय झालं असेल? लोकांनी डोक्यावर घेतलं? शिव्या! शिव्या घातल्या हो लोकांनी! "काका, दचकून पलंगावरून पडलो." "काका, तुमच्यावर विश्वास होता." त्या बाळाची आई, "काका, बाळ आता तुम्हाला घाबरतं." आणि त्या महिन्याचे पैसे निम्म्यावर. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही आपलं नेहमीसारखं बोला ना." नेहमीसारखं म्हणजे कसं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पण मनाला लागलं ते लागलंच. मला सगळे नको होते हो, एक! एक जागा माणूस! म्हणून काय केलं, पुढच्या व्हिडिओच्या अगदी शेवटच्या मिनिटाला हळूच म्हणालो, "इथपर्यंत जो कोणी जागा असेल, त्याने खाली फक्त 'आहे' असं लिहावं." आणि वाट बघत बसलो. हजारोंनी लावला तो व्हिडिओ. एकाने लिहू नये? नाही, एकाने लिहिलं. "आ." नुसता आ! तेवढं लिहून पाठवायच्या बटणावर बोट पडलं असणार, आणि गेला बिचारा.

मी हिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "बंद! उद्यापासून सगळं बंद! माझ्या बोलण्याला काही किंमतच नाही. तूसुद्धा आयुष्यभर कंटाळून झोपलीस!" तर ही घडी घालता घालता म्हणाली, "अहो, मी कंटाळून झोपायचे असं वाटतं तुम्हाला?" म्हटलं, "मग काय, आनंदाने?" म्हणाली, "कारखान्याला टाळं लागलं होतं ते वर्ष आठवतं? लेक लहान, घरमालक दारात, माझ्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. आणि तुम्ही ताटावर बसून सुरू करायचात, अमका वॉशर तमक्या बोल्टला चालत नाही… मला वाटायचं, कारखाना बंद आहे आणि हा माणूस अजून वॉशरचंच बोलतोय, म्हणजे सगळं ठीक होणार. की माझे डोळे मिटायचे. तुम्ही गप्प बसलात ना, की मी जागी."

तुम्हाला सांगतो, मला भरून आलं. एवढी वर्षं मी जिला नावं ठेवत होतो, ती माझ्या भरवशावर झोपत होती! मी तिथेच खुर्चीत बसलो, म्हटलं, "अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस? मी उगाच मनाला लावून घेतलं. तुला सांगतो, त्या वर्षी मलाही आतून…" पुढे बरंच बोललो, मनातलं सगळं बोललो. थोड्या वेळाने बघतो तर मांडीवर टॉवेल, आणि ही गाढ! रागावलो नाही. टॉवेलची घडी मीच घातली. त्या दिवसापासून मीही म्हटलं, झोपा बाबांनो. ज्याला ज्याला काळजी आहे त्याने झोपा.

आणि तेवढ्यात आली ती गाद्यांची कंपनी. गाद्या बनवणारे लोक हो! एक टायवाला साहेब दारात. "सर, तुमच्या आवाजात एक प्रकारचं… एक प्रकारचं…" म्हटलं, "कंटाळा म्हणा, मी आता पचवलंय." "छे छे सर, स्थैर्य! आमची जाहिरात फक्त तुमच्याकडे!" आणि पैसे सांगितले. ही आतून भांडी वाजवायची थांबली, एवढे सांगितले. पण अटी ऐका. आवाज चढवायचा नाही. विनोद करायचा नाही. आणि तिसरी अट… "सर, आमच्या एक मॅडम आहेत, त्या प्रत्येक व्हिडिओ आधी तपासतील. दुपारी, जेवण झाल्यावर, ऑफिसातल्या खुर्चीत. त्यांना मध्येच झोप लागली तर व्हिडिओ पास. शेवटपर्यंत जाग्या राहिल्या तर नापास, आणि नापासाचे पैसे नाहीत." आली का पंचाईत? कोणी शेवटपर्यंत ऐकलं तर पैसे बुडणार! मी सही केली. हिच्याकडे बघितलं आणि केली.

तेव्हापासून बघा, पास, पास, पास! दर वेळी शेरा येतो. "मॅडम साध्या वॉशरला गेल्या, अभिनंदन." "आज तर तुमच्या नमस्कारालाच गेल्या, खास अभिनंदन." घरात नवा फ्रिज आला, हिच्या गुडघ्यांचा इलाज झाला, सगळं छान आहे, खोटं कशाला बोलू? छान आहे. पण आतमध्ये कुठेतरी… जागे आहात ना? तर गेल्या आठवड्यात मी तांब्याच्या वॉशरचा व्हिडिओ केला. माझा जीव की प्राण. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की कडक होतो, लोक फेकून देतात, पण तो लालबुंद तापवून थंड केला की पुन्हा मऊ, पुन्हा बसायला तयार! हे मी शेवटच्या मिनिटाला सांगितलं. आवाज चढवला नाही, अट म्हणजे अट. पण मन ओतलं.

दुसऱ्या दिवशी निरोप. "नापास. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं."

अहो, मी नाचलो! या वयात, टेबलाभोवती! ही धावत आली, "काय झालं?" म्हटलं, "नापास झालो! पैसे बुडाले!" हिला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. लेकीला फोन केला, "नापास झालो गं!" वाण्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं. आणि मग राहवेना हो. ऑफिसातून नंबर मिळवला आणि थेट मॅडमना फोन लावला.

"मॅडम, मी वॉशरवाला."

"अय्या, काका! बोला ना."

म्हटलं, "मॅडम, रागावू नका, पण एक विचारायचं होतं. तुम्ही जाग्या राहिलात, त्या नेमक्या कुठल्या मुद्द्यामुळे? ते तांबं तापवून मऊ होतं, तिथे लक्ष वेधलं गेलं ना?"

मॅडम अगदी अपराध्यासारख्या म्हणाल्या, "काका, खरं सांगू? वरच्या मजल्यावर फरशी फोडत होते हो."

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढ्यात घेतलं. आणि म्हटलं, "बरं मॅडम… अजून किती दिवस फोडणार आहेत, काही अंदाज?"