सेन्सॉरची लावणी

सेन्सॉरला गंडवायची आयडिया मला कुणी दिली माहितीये? इथे अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या शेजारच्या रोमेनियन आजोबांनी. तरुणपणी कम्युनिस्ट राजवटीत ते बँडमध्ये लोकगीतांच्या चालींवर रॉक वाजवायचे. म्हणाले, "गाण्यात मुद्दाम एक भयंकर कडवं घालायचो. सेन्सॉर तेवढं कापून खूश, बाकीचं सुटायचं."

म्हटलं, झकास! मंडळाच्या गणपतीसाठी मी लिहिलेल्या नाटुकल्यात अध्यक्षकाकांच्या लांबलचक भाषणाची टिंगल होती. ती टिकावी म्हणून शेवटी काकांची नऊवारीतली लावणी घुसडली आणि स्क्रिप्ट त्यांनाच अप्रूव्हलला पाठवली.

काकांचा लगेच फोन. "भाषणाचं काढ. लावणी मी स्वतः करतो."

कार्यक्रमाला आजोबा पहिल्या रांगेत होते. लावणी संपल्यावर माझ्या कानात म्हणाले, "आमचे सेन्सॉर बरे होते रे. निदान नाचायचे तरी नाहीत."