हजेरीघराची भिंत

"आजी, बाजूला व्हा! ही इमारत आजउद्या पडणार!" इंजिनिअर ओरडत होता.

"तूच हट! मी नाही उठत," म्हणत मी बुलडोझरसमोर पायरीवर बसून राहिले.

तुमसरकडच्या आमच्या गावात मँगनीजची चलती होती, तेव्हाचं हे खाणीचं हजेरीघर. माझी माय इथं हजेरी लावून टोपल्या वाहायची. शाळेचं तोंड न पाहता मी अक्षरं शिकले ती इथल्याच पाट्यांवरून. गावच्या पोरी आज इथं पुस्तकं वाचतात, पण त्या दुपारी ते पाडायचंच ठरलं होतं.

"भिंतीला नुसता हात लावला तरी कोसळेल, लिहून देतो!" तो म्हणाला.

मी बोट दाखवलं अन् साऱ्या गावासमोर विचारलं, "मंग साहेब, सावली पाहून तुमची नवीकोरी गाडी त्याच भिंतीले चिकटवून काहून लावली?"