घंटेचा पंखा

मोटारबोटीचं कौतुक मले नका सांगू गड्यांनो. अहेरीले एका बांबू ठेकेदाराची बोट मीच चालवत होतो. पाहुण्यांपुढं मिरवाले शेठनं बोटीचा पाण्याखालचा पंखा काढून मोठा बसवला.

मी म्हटलं, "शेठजी, हा पंखा या गिअरले झेपत नाई. रिकामी बोट पळन, पण भरली का इंजिन दम सोडन."

शेठ म्हणे, "तू ड्रायव्हर का मालक?"

जुना पितळी पंखा त्यानं व्हरांड्यात घंटा म्हणून टांगला.

पुरात माह्या बाळंतपणात अडलेल्या बहिणीले नदीपलीकडं दवाखान्यात नेऊन राह्यलो होतो. बोटीत सहा माणसं. धारेत इंजिन नुसतं रडलं, बोट पुढं सरकेचना. वाहत वाहत याच काठाले लागलो. बहीण बोटीतच गेली.

दुसऱ्या दिवशी शेठले फिराले जायचं होतं. मले बोलवाले त्यानं तोच पंखा वाजवला.